तळ्यातली घागर
चिंचेनं पितळ घासताना वास सुटला की मला भूमजवळचं सासरचं तळं आठवतं. निजाम जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. लग्नाला महिना झाला नाही तोच माझी माहेरची पितळी घागर त्यात बुडाली. शेजारचे मामा लोखंडी गळ घेऊन आले, तर सासूबाई अडून बसल्या, "गळ नगं, शाळेतलं लोहचुंबक आणा." पितळ कुठं चुंबकाला चिकटतं? मला काही उमगेना. मामांनी गळ टाकलाच. वर आली ती काळी पडलेली दुसरीच घागर. तिच्यावर कोरलेलं नाव अनोळखी बाईचं, त्यापुढं नाव मात्र माझ्याच नवऱ्याचं. "त्याची पहिली. इथंच बुडाली," सासूबाई म्हणाल्या, "घास अन् वापर." माझी घागर तळ्यातच राहिली, मी अजून तिचीच घासते.