चढावर दम सोडणारा ट्रक

मी घोड्यांची डॉक्टर आहे. ओहायोत, डब्लिनमध्ये आमचं घर. आमच्या ओळखीचे बहुतेक मराठी लोक लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून ऑफिसला जातात. मी मात्र डिझेलच्या पिकअप ट्रकमागे औषधांचा ट्रेलर जोडते आणि गावाबाहेर फार्मांवर जाते. नवरा त्या ट्रकला स्वतःची सवत म्हणतो.

त्या वसंतात सवत रुसली. सपाट रस्त्यावर नीट चालायची, पण ट्रेलर जोडून चढ लागला की हातपाय गाळायची. पेडल पार खाली दाबलं तरी इंजिन नुसतं ओरडायचं, मागून काळा धूर आणि बोनेटखालून साप फुत्कारावा तसा आवाज. एका टेकडीवर तर मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने मला ओव्हरटेक केलं आणि वर हात हलवला.

गॅरेजवाल्याने कॉम्प्युटर लावला. "बूस्ट, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, कमी दाखवतंय. टर्बो गेला. नवा टाकावा लागेल. दोन आठवडे लागतील."

दोन आठवडे! घोड्या विण्याचे दिवस होते ते. कुणाचा फोन कधी येईल याचा नेम नाही. घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर तणतणत होते. नवरा म्हणाला, "यार, दे ना टाकून गॅरेजमध्ये, तोवर दुसरा ट्रक भाड्याने घे."

"काळा धूर की निळा?"

आम्ही दोघांनीही वळून पाहिलं. विचारलं होतं माझ्या सासऱ्यांनी. सासूबाई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. अकोल्याला लाल बसच्या डेपोत, वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली होती. इथे आल्यापासून मात्र विचारलं तेवढ्याचंच उत्तर देत आणि उरलेला दिवस खिडकीशी बसून काढत. आपणहून त्यांनी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

"काळा, बाबा."

"मग टर्बो मरून नाही राहिला. तो गेला की बहुतेक तेल जळते, निळा धूर येते. काळा म्हणजे डिझेल पुरून राहिलं, हवा नाही पुरून राहिली. सकाळी पाहू."

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर ते नवऱ्याचा जुना स्वेटर घालून ड्राइव्हवेवर उभे. थंड इंजिनावर वाकून त्यांनी टर्बोच्या तोंडावरचा हवेचा पाइप सोडवला आणि आतलं पातं बोटाने फिरवलं. ते भिंगरीसारखं फिरलं. मग धरून हलवून पाहिलं. कुठे खुळखुळ नाही.

"ठणठणीत आहे हा. टर्बो हवा दाबून पाठवते, पण इंजिनापर्यंत पोचायच्या आत ती कुठे तरी पळून राहिली. आता पळणारी हवा पकडायची."

त्यासाठी टर्बोच्या तोंडाला टोपण लावून बाहेरून हवा भरायची होती. आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. बाबांनी नळाच्या सामानातून रबराचं जाड टोपण निवडलं, घरी आल्यावर त्याला भोक पाडून टायरचा व्हॉल्व्ह बसवला आणि ते टर्बोच्या तोंडावर आवळलं. माझ्या ट्रेलरची चाकं भरायचा कॉम्प्रेसर जोडला.

"हळूहळू भर. टायरच्या निम्म्याहूनही कमी. जास्त झालं तर नसलेली गळती तयार होईल."

हवा भरली, कॉम्प्रेसर बंद केला. बारीक सूं ऐकू येत होतं, पण कुठून ते कळेना. भांड्यांच्या साबणाचं पाणी बाटलीतून दिसेल त्या जोडावर मारलं. कुठेच बुडबुडा नाही. बाबा रबराच्या नळीचा तुकडा शोधू लागले. डेपोत ते तिचं एक टोक कानाला लावायचे आणि दुसरं इंजिनावर फिरवायचे.

मी ट्रेलरमधून माझा स्टेथोस्कोप आणला, त्याची चकती काढून टाकली आणि नुसती उघडी नळी त्यांच्या हातात दिली. ते इतके खूश झाले की स्वतःशीच हसले. कानाला लावून त्यांनी नळी थोडी फिरवली आणि मग थांबले.

"मला नाही ऐकू येत, बेटा," ते हळूच म्हणाले. "डेपोने कान खाल्ले माझे."

मी स्टेथोस्कोप स्वतःच्या कानाला लावला आणि नळीचं टोक परत त्यांच्या हातात दिलं. "तुम्ही फिरवा, बाबा. मी ऐकते."

आमची वरात निघाली. ते नळी कुठे न्यायची ते जाणत होते, मी "नाही... नाही... थोडं आलं..." म्हणत होते. टर्बोपासून पुढे, हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंत, तिथून इंजिनाकडे येणाऱ्या रबरी पाइपावर. त्यांचा हात पाइपाच्या खालच्या अंगाला गेला आणि माझ्या कानात अक्षरशः वादळ शिरलं.

"बाबा, इथेच!" मी किंचाळले. शेजारचा माणूस कुंपणावरून डोकावला.

आरसा खाली धरून तिथे साबणाचं पाणी मारलं. फेस फुग्यासारखा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. एका लोखंडी पट्टीवर घासून घासून पाइपाला चीर गेली होती. एरवी मिटलेली, दाब आला की उघडणारी. बाबांनी मान हलवली. "पाहिली का चोरटी?"

नवा पाइप आणि तो आवळायचा क्लॅम्प दुपारी मिळाला. बाबांनी बसवताना तो त्या पट्टीपासून बोटभर दूर घेतला आणि दोनदा आवळला.

मग ट्रेलर जोडून आम्ही दोघं त्याच टेकडीवर गेलो. चढ लागला. मी पेडल दाबलं आणि ट्रकने आम्हाला सीटमध्ये मागे लोटलं! धूर नाही, फुत्कार नाही, टर्बोची नुसती गोड शीळ. बाबांनी डॅशबोर्डवर थाप मारली आणि मोठ्याने "चाल, चाल, चाल!" ओरडले. त्यांना ओरडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. वर पोचल्यावर म्हणाले, "पुन्हा एकदा खालून घे." आम्ही तो चढ तीनदा चढलो.

सोमवारी ते माझ्याबरोबर फार्मवर आले. मी तबेल्यात घोड्यांना लसी देत होते, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या मालकाने हाताने खुणावत त्यांना शेडकडे नेलं. बाबांना इंग्रजी जेमतेम येत होतं, त्याला मराठीचा गंधही नव्हता. माझं काम संपलं तरी दोघांचा पत्ता नाही म्हणून मी पाहायला गेले. एका जुन्या ट्रॅक्टरखालून चार बूट बाहेर दिसत होते आणि आतून दोघं एकाच वेळी, आपापल्या भाषेत, जोरजोरात बोलत होते.