बोगद्यावरच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद

रविवारच्या पुरवणीसाठी मी वर्महोलवर लेख लिहिला, त्याच आठवड्यात वहिनीच्या आजाराचं निदान झालं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. विज्ञानाचं पान माझ्याकडे होतं आणि विषय वाचला जाणारा होता.

लेखात लिहिलं होतं ते असं. अवकाश-काळात बोगदा असू शकतो. त्याची दोन तोंडं दूरच्या दोन जागी, किंवा वेगवेगळ्या काळांतही उघडू शकतात. समीकरणं त्याला मनाई करत नाहीत. पण असा बोगदा तयार होताच मिटतो; प्रकाशालाही पलीकडे पोचायला वेळ मिळत नाही. तो उघडा ठेवायचा तर शून्याहून कमी ऊर्जा असलेलं विलक्षण द्रव्य लागतं. ही ऋण ऊर्जा निव्वळ कल्पना नाही. निर्वात जागेत धातूच्या दोन अत्यंत सपाट पट्ट्या एकमेकींच्या अगदी जवळ ठेवल्या, तर मधल्या फटीत ती आढळते.

शेवटच्या परिच्छेदात दोन वाक्यं होती. माणूस जाऊ शकेल एवढा बोगदा उघडा ठेवायला मोठ्या ग्रहाच्या वस्तुमानाइतकं असं द्रव्य लागेल, आणि पट्ट्यांमध्ये मिळतं ते त्यापुढे काहीच नाही. दुसरं, बोगद्यातून भूतकाळात जाता आलंच, तरी तो तयार झाला त्या दिवसाच्या मागे जाता येणार नाही.

पान लावताना एक जाहिरात आली. आमच्याकडे मजकूर खालून कापतात. महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली, असंच लिहायला शिकवलेलं असतं. मी शेवटचा परिच्छेद काढला.

माझा मोठा भाऊ फिटर होता. ट्रॉम्ब्याच्या प्रयोगशाळांसाठी सुटे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्याची सगळी नोकरी झाली. ड्रॉइंग यायचं, तसा भाग बनवायचा, साहेबांकडे द्यायचा. तो भाग कशात बसणार हे विचारायची पद्धत नव्हती. बाकीचं सगळं कुणीतरी जुळवलेलं असणार, हे धरूनच तो काम करायचा. निवृत्त झाल्यावर मानखुर्दची खोली सोडून तो आणि वहिनी नाहूरला राहायला आले.

लेख छापून आल्यावर महिन्याभराने मी त्यांच्याकडे गेलो. वहिनी आतल्या खोलीत पडून होती. दादा गॅलरीत पाटावर बसून स्टीलच्या दोन पट्ट्या पेस्ट लावून एका सपाट लादीवर घासत होता.

"भावोजी, बघताय ना?" वहिनी आतून म्हणाली. "लग्न झाल्यापासून यांनी घरातलं एक ताट घासलं नाही. आता बघा."

"हे काय चाललंय?" मी दादाला विचारलं.

"तुझ्याच लेखातलं. सपाट पट्ट्या म्हणालास ना तू? इतक्या सपाट करणारे आता कितीजण राहिलेत?"

"आणि मग?"

"मग काय? साहेब लोकांना नेऊन देणार. पुढचं त्यांचं काम. ही गेली तरी मग..." तो थांबला. "आता तिची अवस्था बघवत नाही रे. बरी असतानाचे दिवस बघून येईन."

मी हसलो. कापलेल्या परिच्छेदातलं त्याच वेळी सांगता आलं असतं. हाताला काम आहे, बरं आहे, असं मला वाटलं.

पुढचे पाच महिने मी गेलो तेव्हा तेव्हा तो गॅलरीतच होता. वहिनी आतून हाक मारायची, "जरा येऊन बसा ना इथे." तो म्हणायचा, "एवढी बाजू झाली की आलोच." पट्ट्या इतक्या सपाट झाल्या होत्या की एकीवर एक सरकवली तर चिकटून बसायच्या, उचलून सुटायच्या नाहीत. ते त्याने वहिनीला एकदा दाखवलं. ती म्हणाली, "छान." ती गेली तेव्हाही तो गॅलरीत होता. आत शेजारीण होती.

तेराव्यानंतर त्याने पट्ट्या मलमलीत गुंडाळल्या आणि कोणत्या साहेबांकडे न्यायच्या ते मला विचारलं. तेव्हा मी ऑफिसातून मूळ लेखाची प्रत आणून त्याला दिली. त्याने शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

"म्हणजे उद्या कुणी बनवला तरी ती असलेले दिवस मिळणार नाहीत."

"नाही."

"आणि बनतच नाही."

"नाही बनत."

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"मीच लिहिलं होतं."

"मग काढलंस का?"

"जागा नव्हती."

त्याने प्रतीची घडी घातली.

"हे छापलं असतंस ना," तो म्हणाला, "तर मी आत बसलो असतो रे."

त्याने प्रत माझ्याकडे सरकवली.

"आता तरी छाप. माझ्यासारखा अजून कुणी बसला असेल."

सोमवारी मी संपादकांकडे खुलाशाचा विषय काढला. त्यांनी छापलेला लेख मागवून वाचला आणि यात चूक कुठली, असं विचारलं. चूक नव्हती. खुलासा चुकीच्या मजकुराचा छापतात. छापलेलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं.

दादाला मी ते फोनवर सांगितलं. "बरं," तो म्हणाला. त्यानंतर त्याने लेखाबद्दल विचारलं नाही, आणि घरी ये असंही म्हणाला नाही.