जाहिरात कुठाय?

कलावती खवणेकरांना आमच्या कोपरच्या सोसायटीत कधी बेल वाजवावी लागली नाही. त्या खालूनच हाक मारत आणि तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडे. सगळी नोकरी ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली. "खरखरत्या लाइनीवरून माणसाला माणूस जोडून द्यायचा, तर कुजबुजून चालेल का?" असं त्या विचारत आणि स्वतःच खळखळून हसत.

नवऱ्यामागे त्यांच्याकडे बऱ्याच कंपन्यांचे थोडे थोडे शेअर आले होते. विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. पण शेअर असले की कंपनीच्या वार्षिक सभेला जाता येतं, हे कळल्यावर कलाताई हरखल्या. चांगली साडी नेसायची, हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसायचं, सामोसा खायचा आणि उठून एक तरी प्रश्न विचारायचा. "आपण थोडेसे का होईना, मालक आहोत. घरात काय शिजतंय ते विचारायला नको?"

नव्व्याण्णव साली त्यांच्याकडचा एक शेअर अचानक उड्या मारू लागला. कंपनी मूळची सुताची, 'झुळूक यार्न्स'. गिरणी बंद पडल्यावर शेअरला कुणी हुंगत नव्हतं. मग मालकांनी नाव बदलून 'झुळूक डॉट कॉम' केलं आणि आता आम्ही इंटरनेटवर जाहिराती करणार, असं जाहीर केलं. चहाच्या कटिंगपेक्षा स्वस्त असलेला शेअर बघता बघता थाळीच्या भावाला जाऊन बसला.

शेजारचे पोपटराव तर वेडावूनच गेले. ते आंबिवलीच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. थोडे शेअर त्यांनी घेतले होतेच, आता सगळा फंड त्यात घालायला निघाले.

"कलाताई, ही गाडी चुकली तर पुन्हा नाही," ते म्हणाले. "पुढचा जमाना इंटरनेटचा आहे."

"असेल की. पण या लोकांनी कुणाची जाहिरात केलीय? तुम्ही एक तरी बघितलीत?"

"तुमचं नेहमीचंच. चांगल्या कामात नाट!"

"नाट नाही हो. पुढच्या आठवड्यात ठाण्याला सभा आहे. चला माझ्याबरोबर. विचारू, मग खुशाल घाला."

पोपटरावांच्या बायकोने, गोदाबाईंनी, लगेच साडी काढून ठेवली. नवऱ्याला एकट्याला जाऊ द्यायचा त्यांचा विचार नव्हता.

हॉल खच्चून भरलेला. स्टेजवर झेंडूच्या माळा आणि मधोमध हार घातलेला कॉम्प्युटर. अध्यक्ष बराच वेळ बोलले. जग जवळ येतंय, करोडो डोळे आपल्याकडे वळणार आहेत, वगैरे. टाळ्या पडल्या, पोपटरावांनीही वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर कलाताई उभ्या राहिल्या. माइक घेऊन येणाऱ्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"साहेब, भाषण छान झालं. आता आपली एक जाहिरात दाखवा."

"मॅडम, ते सगळं अहवालात दिलंय."

"अहवाल वाचला. हातच्या काकणाला आरसा कशाला? तो काय कॉम्प्युटर! लावा ना."

मागून आवाज आले, "हां, लावा, लावा!" अध्यक्षांनी नाइलाजाने कंपनीच्या इंजिनिअरला, सुधीरला, खूण केली. त्याने फोनची वायर जोडली. यंत्रातून किर्र-खर्र-टूंऽऽ असा आवाज निघाला. लाइन दोनदा तुटली. कलाताई ओरडल्या, "सावकाश कर रे बाळा, ठाण्याची लाइन लाजाळू आहे!" सगळा हॉल हसला, सुधीरही हसला.

शेवटी पडद्यावर पान उतरू लागलं. वरून एक एक पट्टी, सावकाश. आधी निळं आकाश, मग कंपनीचं नाव, त्याखाली मोठी पिवळी चौकट. लोक माना उंचावून बघत होते. चौकटीत अक्षरं उमटली. इंग्रजी होती, म्हणून सुधीरने सवयीने मराठीत वाचून दाखवली:

"ही जागा जाहिरातीसाठी रिकामी आहे."

पहिल्या हसल्या गोदाबाई. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग अख्खा हॉल. पोपटराव तर खुर्चीचा दांडा धरून हसत होते.

"ही सुरुवात आहे," अध्यक्ष घाम पुसत म्हणाले.

"मान्य," कलाताई म्हणाल्या. "मग भावही सुरुवातीचाच असू दे!"

पोपटरावांनी फंडाला हात लावला नाही, होते ते शेअरही विकले. शेअर मात्र त्यानंतरही कित्येक महिने चढतच राहिला. रोज सकाळी पेपर बघून ते कलाताईंच्या दाराशी येऊन उसासा टाकत. "मला काय ठाऊक चढेल की पडेल," त्या म्हणत. "दुकानात माल आहे का, एवढंच मी विचारलं. चहा घ्या." पुढच्या वर्षी शेअर जो कोसळला, तो विकत घ्यायलाच कुणी उरलं नाही. त्या दिवशी पोपटराव उसासा न टाकता जिलेबी घेऊन आले.

सोसायटीतल्या बायका आता कलाताईंना विचारू लागल्या, कुठले शेअर घेऊ? "ते मला कळत नाही," त्या सांगत, "पण उठून विचारायचं कसं ते शिकवते." मग संध्याकाळी गच्चीवर तालीम सुरू झाली. एक जण अध्यक्ष होऊन पाण्याच्या टाकीशी बसे, दुसरी उभी राहून ओरडून प्रश्न विचारी. खाली रिक्षावाले वर बघत थांबत.

गोदाबाईंनी आयुष्यात चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं. त्या कलाताईंबरोबर एका साबणाच्या कंपनीच्या सभेला गेल्या, स्वतःच्या नावावरचे शेअर घेऊन. तिथे पदर खोचून उठल्या.

"तुमचा साबण लवकर का विरघळतो हो? आठवडाभरसुद्धा पुरत नाही!"

आजूबाजूच्या बायकांनी बाकं वाजवली. साहेबांनी उत्तर काय दिलं, ते गोदाबाईंना आजही सांगता येत नाही. त्या तेव्हा कलाताईंचा हात धरून एवढंच विचारत होत्या, "ऐकू गेलं ना गं सगळ्यांना?"