वरच्या घराची वायर

पळसदरीच्या विनिताला परक्या घरात एकटीनं शिरायची भीती कधी वाटली नाही. आयटीआयमधून वायरमन झाल्यावर तिनं बरीच वर्षं माथेरानच्या हॉटेलांत, बंद खोल्यांमधले गीझर दुरुस्त करत काढली. नवरा गेल्यावर ती खाली आली आणि सोलरची कामं घेऊ लागली. कर्जत-खालापूरच्या गावांत आता लोक तिला सोलरवाली ताई म्हणूनच ओळखतात.

गेल्या चैत्रात तिला भिवाजीकाकांचा फोन आला. त्यांची सोलरची वीज अंधार पडायच्या आतच जात होती. काका डोंगराखालच्या नव्या वस्तीत एकटे राहत. वरच्या उताराला भेगा पडल्या तेव्हा सगळी वाडीच खाली उतरली होती. मुलगा मनोज नेरळला असे, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून काका अंगणापलीकडे गेले नव्हते.

विनितानं पत्र्यावर चढून पॅनल तपासले. वीज नीट येत होती. बॅटरीही चांगली होती. मग तिनं घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रिजचा प्लगही काढला. तरी इन्व्हर्टर दाखवत होता की कोणीतरी वीज वापरतंय.

"काका, अजून काय चालू हाय?"

"काय नाय गं. एकट्या माणसाचं काय चालू असणार?"

तिनं बोर्ड उघडला. मागून एक काळी वायर भिंतीबाहेर निघून कुंपणावरून डोंगराकडे गेली होती. काकांनी डोंगराकडे हात केला.

"ती वरच्या घराची. मनोजची आय सुंदरा तिथंच वारली. आमी खाली आलो तवा तिच्या घरात अंधार नको म्हणून एक बल्ब ठेवला."

"एका बल्बनं बॅटरी उतरत नाय, काका."

वायर धरून ती भर दुपारी चढ चढली. ओसाड वाडीत घरांची कौलं, दारं लोकांनी काढून नेली होती. एकच घर शाबूत होतं. तिनं कडी काढली.

आत बल्ब जळत होता. त्याच्याखाली हिरव्या पात्यांचा टेबलफॅन फिरत होता. त्यानं मान हळूहळू तिच्याकडे वळवली, मग परत फिरवली. जमीन नुकती सारवलेली, ओली. शेणावर बोटांचे फराटे स्पष्ट होते, पाऊल मात्र एकही नव्हतं. भिंतीशी चटई अंथरली होती.

"कोण हाय?"

तिनं आत जाऊन पंखा बंद केला. खोली एकदम कोंदली आणि निजलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं तिला वाटलं. तिनं पंखा पुन्हा लावला आणि दार ओढून खाली आली.

"तिथं पंखा कोणी ठेवला?"

"कसला पंखा?"

"हिरव्या पात्यांचा."

"तो जळला होता. मी सोता भंगारवाल्याला दिला."

"मग वायर तोडू का?"

"नको गं. उन्हाळा हाय. तिला उकाडा सोसत नाय."

विनितानं काकांच्या बोर्डावरून ती वायर सोडवली. पण त्याआधी वरच्या घरावर एक जुना पॅनल बसवला, आत वेगळी बॅटरी ठेवली. तेव्हापासून काकांकडे रात्रभर दिवा टिकतो.

वरच्या बॅटरीत पाणी घालायला ती अधूनमधून जाते. दारात चपला काढते. "सुंदराकाकू, मी विनिता," असं म्हणून थोडी थांबते. जमीन दर वेळी ओलीच असते.