पहिल्या तोड्याचं वजन

महादेव गेल्याचं त्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी अंगणात ऊन खात बसलो होतो. सकाळी मळ्यात चक्कर मारून आला, भाकर खाल्ली, जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही... नव्वदीला टेकलेला माणूस, असं मरण मागून मिळत नाही, असं भेटायला आलेला जो तो म्हणत होता. खरंच आहे. तरी मला त्याचा राग आला. माझ्यापेक्षा थोडा लहान, आणि प्रत्येक गोष्टीत माझ्या पुढं जायची याला जुनी खोड. आता दीडएक महिना झाला, राग उतरला, म्हणून लिहायला बसलो.

अनसिंगजवळ महादेवच्या घरचा मळा आणि माझं गाव किन्हीराजा, दोन्ही वाशीमकडची. पन्नासच्या दशकात आम्ही नागपूरच्या शेतकी कॉलेजात एका खोलीत राहिलो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि आमच्यासाठी मुंबई हाच परदेश होता. एक दिवस कॉलेजात नोटीस लागली की एका विद्यार्थ्याला एका सत्रासाठी मेक्सिकोला, भाजीपाल्याची शेती शिकायला पाठवणार. मी अर्ज केला, त्यानंही केला. निवड त्याची झाली. काही दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. मग सोबत न्यायला त्याच्याकडं बरा कोट नव्हता, म्हणून बोलावं लागलं. कोट माझाच गेला. स्पॅनिश शिकायला तो एका पाद्रीबाबांकडं जायचा आणि रोज खोलीत येऊन शिकलेलं सगळं मला ऐकवायचा. मला कळत नव्हतं, पण चूक झाली की त्याचे कान लाल व्हायचे, तेवढं कळायचं.

निघण्याआधी मी त्याच्या मळ्यावर गेलो होतो. त्या घरात एक रीत होती. कोणत्याही भाजीचा पहिला तोडा, म्हणजे पहिल्यांदा तोडलेला माल, विकायचा नाही. तो तोलायचासुद्धा नाही, कारण तोललं की ते विक्रीचं झालं. मारुतीपुढं थोडं ठेवायचं आणि बाकीचं बांधावरून जो जाईल त्याच्या पदरात घालायचं. त्याच्या मायनं डोळे पुसले, हातावर दही घातलं आणि एवढंच म्हणाली, "तिकडं काईबी लावशीन त् पयला तोडा वाटजो, बाबू. इकू नको."

पुढचं सगळं त्यानं सांगितलेलं आहे, आणि दरवेळी थोडं वाढवून सांगितलेलं. वाढीव भाग मी काढून टाकला आहे. तिकडं तो रोसा नावाच्या एका विधवा बाईच्या घरी राहिला. ती पहाटे मक्याच्या भाकरी थापायची. लहान आणि पातळ असल्या तरी भाकरी त्या भाकरी, आणि सोबत मिरचीचा ठेचा, त्यामुळं खाण्याचे हाल झाले नाहीत. तिथल्या शेतकी विद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्याला टमाटे लावायला जमिनीचा एक तुकडा दिला होता. लावणीपासून शेवटच्या तोड्यापर्यंत जेवढं पीक निघेल त्याचं वजन व्हायचं आणि त्यावर परीक्षा. त्यात नापास झालं की प्रमाणपत्र नाही, म्हणजे एवढा समुद्र ओलांडून रिकाम्या हातानं परत. महादेवचा तुकडा सगळ्यांत सरस आला होता. माळ्याच्या पोरानं लावलेला, दुसरं काय होणार...

टमाटे लाल झाले त्या सकाळी हा उजाडायच्या आत उठला, टोपलीभर तोडले आणि मायनं सांगितलं होतं तसे वाटून टाकले. थोडे चर्चच्या पायरीवर ठेवले, रोसाबाईला दिले, गल्लीत दिले, विद्यालयाच्या राखणदाराला दिले आणि समाधानानं वर्गात जाऊन बसला. दुपारी प्राध्यापक तराजू घेऊन आले, तर झाडांवर एक पिकलेलं फळ नाही. त्यांनी राखणदाराला धरलं, कारण त्याच्या खिशात टमाटे निघाले. त्या गरिबाची नोकरी जायची वेळ आली, तेव्हा महादेव पुढं झाला आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला की हे मी वाटले, आईनं सांगितलं होतं. प्राध्यापकांनी वहीत त्याचं नाव शोधलं. मग म्हणाले, वजन झालं नाही तर तुझा तुकडा बाद करावा लागेल, जा आणि दिलेलं संध्याकाळपर्यंत परत आण.

हे सांगताना महादेव नेहमी इथं थांबायचा, पान लावायचा. मग म्हणायचा, "म्या म्हटलं, तुकडा जावो. दिलेलं मांगाले मी काई जात नाही."

तो गेला नाही, पण राखणदार गेला. त्यानं गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं की त्या हिंदू पोराची परीक्षा अडली आहे. संध्याकाळी लोक पदरात, टोपीत टमाटे घेऊन आले. रोसाबाईनं तर दुपारीच चटणी करून टाकली होती. ती भांडं घेऊन आली आणि प्राध्यापकांनी भांड्यासकट तोललं. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी ज्याचं त्याला परत दिलं आणि महादेवला म्हणाले, वाट की, तुला कोण नको म्हणतं, पण आधी तोलत जा. महादेव पास झाला. चटणीच्या भांड्यानं पास केलं, असं मी त्याला जन्मभर चिडवलं.

प्रमाणपत्र घेऊन तो परतला, सरकारी नोकरी चालून आली होती ती सोडून मळ्यात उतरला आणि पहिल्याच हंगामात पहिला तोडा तराजूत घातला. माय संतापली. देवाच्या वाट्याले तराजू लावतं काय, म्हणून दोन दिवस जेवली नाही. हा म्हणे, इकत नाही माय, मले समजू दे फक्त. शेवटी तह झाला. तो तोलायचा, ती तोंड फिरवून उभी राहायची, आणि मग दोघं मिळून वाटायची. माय गेल्यावरही पहिला तोडा दरवर्षी माझ्या दारी यायचा. टोपली ठेवता ठेवता तो यंदा किती भरला ते सांगायचा आणि मी विचारलेलं नसायचं. सुखी माणूस होता. त्याचा हेवा करण्यात माझंही आयुष्य बरं गेलं.

परवा दारात ऑटो थांबला. त्याची बायको, पार्वतीवयनी, वांग्यांची टोपली घेऊन उतरल्या. यंदा हा तोडा येईल असं मला वाटलं नव्हतं. टोपली आत न्यायला हात लावला, तर त्यांनी थांबवलं.

"तशी नका घेऊ, भाऊजी. आमच्याकडचा काटा मले वाचता येत नाही. तुमच्या इथं तोला आन् किती भरली थे सांगा."

सून आतून काटा घेऊन आली. मी म्हटलं, वयनी, आता महादेव नाही, कशाला...

"घरी गेल्यावर इचारतीन नं ते," त्या म्हणाल्या.