बोलायचं ते काठावर

"काय बोलायचं ते आत्ता बोला. पाण्यावर नको."

धक्क्यावर उभं राहून, हातातला दोर गुंडाळता गुंडाळता सारंगकाका हे म्हणायचे आणि मग आमच्या तोंडांकडे एकेक करून बघायचे. कुणाला काही शंका असेल तर ती तिथेच विचारायची. कुणी कुठे बसायचं, कुठला दोर कुणाच्या हातात, परत येताना धक्क्याला कुठली बाजू लावायची, सगळं आधी ठरायचं. एकदा होडी सुटली की काका तोंड मिटायचे, ते परत धक्क्याला लागेपर्यंत.

सारंग हे त्यांचं नाव नव्हे, काम; बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या तो सारंग. मैसूरपासून तासाभरावर, धरणाच्या फुगवट्यावर आमचा शिडाच्या होड्यांचा छोटासा क्लब आहे. चार होड्या, एक पत्र्याची शेड आणि रिकाम्या पिंपांवर तरंगणारा एक धक्का. मोठ्या शहरांतले असले क्लब तुम्ही पाहिले असतील तर आमचा बघून हसाल. पण शिकवायला सारंगकाका होते, एवढ्या एका गोष्टीवर आम्ही कुणापुढेही छाती काढून उभे राहायचो.

मी मूळची नाशिकची. कंपनीने मैसूरला पाठवलं तेव्हा तीन महिने मराठी कानावर पडलं नव्हतं. क्लबात पहिल्या दिवशी जाकिटाचे बंद चुकीचे बांधून उभी होते. मागून आवाज आला, "असं बांधलं तर जाकीट वर राहील, आणि तुमी खाली जाल की!"

मी गर्रकन वळले. "तुम्ही मराठी?"

"होय की! आमच्या आजोबांचे आजोबा मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. घोडी गेली, आमाला पाणी मिळालं." आणि पुढचं वाक्य कन्नडमध्ये. त्यांच्या बोलण्यात दोन्ही भाषा अशा एकमेकींत शिरायच्या की सांधा सापडायचा नाही. आयुष्य काढलं ते नौदलात, बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटींवर. निवृत्त होऊन गावी आले, आणि दर शनिवार-रविवारी बस पकडून, डबा घेऊन क्लबात यायला लागले.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती मी पाण्यात पडले त्या दिवशी.

होडी धक्क्याला लावत होतो. मी पुढच्या टोकावर दोर घेऊन उभी, आणि धक्क्यावर आमचे डॉक्टर. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, अस्सल मैसूरचे, मराठीचा गंध नसलेले. मी दोर फेकला, त्यांनी झेलला. होडी वेगात होती. मी घाबरून जिवाच्या आकांताने ओरडले, "ओढ! ओढ!"

डॉक्टरांनी माझ्याकडे चमकून पाहिलं, दोर टाकला, आणि धक्क्यावरून शेडच्या दिशेने धूम ठोकली.

होडी धक्क्याला बांधलेल्या टायरांवर आदळली आणि मी पाण्यात. सारंगकाकांनी लांब दांड्याचा आकडा माझ्या जाकिटात अडकवून मला वर घेतलं. शेडपाशी डॉक्टर धापा टाकत विचारत होते, "कशाला पळायला सांगितलं? काय आलं होतं?" तेव्हा उलगडा झाला. कन्नडमध्ये 'ओडु' म्हणजे पळ.

सगळे पोट धरून हसले. काका हसले नाहीत. दुसऱ्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा शेडच्या फरशीवर खडूने होडी काढलेली होती, धक्काही काढलेला होता. आम्हाला त्या खडूच्या होडीत उभं करून काका म्हणाले, "आजपासून ओढायचं कन्नडात, सोडायचं मराठीत. ओढायला 'एळी'. सोडायला 'सोडा'. तिसरा शब्द नाही."

"सोडा म्हणजे प्यायचा सोडा?" डॉक्टरांनी विचारलं.

"तोच. विसरणार नाही ना?"

डॉक्टर खरंच कधी विसरले नाहीत.

काम झालं की 'आयतु' म्हणायचं. आयतु म्हणजे झालं. दोर बांधणाऱ्याने 'आयतु' म्हटल्याशिवाय दोर बांधला गेलाय असं कुणीही धरून चालायचं नाही. एकदा डोळ्यांनी दिसत होतं म्हणून मी डॉक्टरांच्या 'आयतु'ची वाट न बघता सुकाणू सोडलं. काकांनी होडी पुन्हा पाण्यात नेली, पुन्हा धक्क्याला आणली. सहा वेळा. सहाव्या वेळी डॉक्टरांचं 'आयतु' ऐकून मग माझा हात सुकाणूवरून निघाला, तेव्हा त्यांनी डबा उघडला.

पण शब्द हे धक्क्यापुरतेच. नांगर टाकताना तेही बंद. आमच्या होडीत पुढच्या टोकावरचा माणूस आणि मागे सुकाणूवरचा माणूस यांच्यात वीसेक फुटांचं अंतर. मधे फडफडणारं शीड, खाली मोटरची घरघर. पुढच्याचं तोंड पाण्याकडे, मागच्याचा आवाज वाऱ्याच्या उलट. अशा वेळी ओरडून काय होतं? दोघांचंही रक्त तापतं, एवढंच. म्हणून काकांनी खुणा बसवल्या होत्या. हात ज्या बाजूला लांब, तिकडे वळायचं. तळहात खाली, म्हणजे हळू. वर मूठ, म्हणजे थांब. दोन बोटं एकमेकांत अडकवली, म्हणजे दोराला दोर जोडा.

"हात अंगाबाहेर काढा, अक्का," ते मला सांगायचे. "पोटासमोर केलेली खूण पोटालाच दिसते."

एकदा बेंगळुरूहून काही पाहुणे आले होते. आम्ही नांगर टाकला, तासाभराने उचलला, धक्क्याला आलो, होडी बांधली. त्यातल्या एक बाई उतरल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तुमचं तिघांचं काही भांडण झालंय का?"

मी काकांना हे सांगितलं. एवढं खूश झालेलं मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं. पुढे महिनाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमचं भांडण झालंय म्हणे!"

आता त्या मे महिन्यातल्या रविवारचं सांगते.

डॉक्टरांच्या आई आणि त्यांच्या तीन मैत्रिणी होडीत बसायला आल्या होत्या. चौघी निवृत्त शिक्षिका, चौघींपैकी एकीलाही पोहता येत नाही. डब्यांत चित्रान्न म्हणजे लिंबाचा भात, अंगावर नारिंगी जाकिटं. निघायच्या आधी काका मला म्हणाले, "आज सुकाणू तुमचं. मी पुढं."

"पाहुणे असताना?" मी विचारलं.

"पाहुणे असतानाच."

दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेकडे आभाळ काळं झालं. आम्ही लगेच शीड उतरवलं, मोटर चालू केली आणि घराकडे वळलो. वारा आला तो एकदम, अंगावर येणाऱ्या गाडीसारखा. पाणी पांढरं झालं. आणि अर्ध्या वाटेत मोटर दोन आचके देऊन बंद पडली. मागे वाकून पाहिलं तर पंख्याला मासेमारीचं जुनं जाळं गुंडाळलेलं.

वारा आम्हाला ढकलत होता तो थेट जुन्या दगडी बांधाकडे. पाणी कमी झालं की तो बांध उघडा पडतो. आता त्याचे दगड लाटांमधून दिसायचे आणि बुडायचे. डॉक्टरांच्या आई मोठ्याने देवाचं नाव घ्यायला लागल्या. माझ्या घशापर्यंत हाक आली होती, "काका, काय करू?"

ती मी गिळली, कारण काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते पुढच्या टोकावर गुडघे टेकून बसले होते, पाठ माझ्याकडे. त्यांचा डावा हात अंगाबाहेर निघाला, सरळ, खांद्याच्या रेषेत.

होडीत अजून थोडा वेग शिल्लक होता. मी सुकाणू लोटलं. टोक वळत वळत वाऱ्याला सामोरं झालं. तळहात खाली. मी सुकाणू सरळ धरलं. होडी मंदावली, थांबली. वर मूठ. आणि काकांनी नांगर पाण्यात उतरवला. फेकला नाही. बाळाला पाळण्यात ठेवावं तसा उतरवला.

दोर सुटत गेला, आम्ही मागे सरकत गेलो. काकांनी दोर खुंटीला वळसा देऊन धरला आणि त्यावर तळहात ठेवला. नांगर तळाशी धरतोय की घसरतोय, हे त्यांना दोराच्या थरथरीवरून कळायचं. मी काठावरची चिंच आणि तिच्या मागचं देवळाचं शिखर बघत होते. दोन्ही एका रेषेत राहिली तर आपण थांबलो. रेषा मोडत होती. नांगर घसरत होता. मागे वळून पाहिलं तर बांध इतका जवळ आला होता की दगडांवरचं शेवाळ वेगवेगळं दिसत होतं.

काकांनी दोन बोटं एकमेकांत अडकवून हात बाजूला काढला. मी डॉक्टरांना तीच खूण केली. डॉक्टरांच्या आई दोन हातांच्या अंतरावर रडत होत्या आणि ते त्यांच्याकडे न बघता दोराला दोर जोडत होते. गाठ मारली, ओढून पाहिली, आणि अंगठा वर केला. काकांनी मान वळवली तेव्हा मी तो अंगठा पुढे पोचवला. काकांनी जोडलेला दोर सोडला. आम्ही आणखी मागे गेलो, बांधाच्या आणखी जवळ. त्या क्षणी मला वाटलं की हे चुकतंय, थांबवावं. पण लांब दोरावर नांगर आडवा ओढला जातो आणि रुततो, हे त्यांनी खडूने फरशीवर काढून दाखवलं होतं. मी सुकाणू तसंच धरून ठेवलं.

होडीला एक हिसका बसला. टोक वाऱ्याकडे ताठ झालं. चिंच आणि शिखर एका रेषेत आली, आणि राहिली.

काकांनी पुन्हा वळून पाहिलं. मी अंगठा वर केला.

पाऊण तासाने वादळ ओसरलं आणि दुसऱ्या होडीने येऊन आम्हाला ओढून नेलं. चौघी शिक्षिका भिजून चिंब. त्यातल्या सगळ्यात थोरल्या धक्क्यावर उतरल्यावर म्हणाल्या, "छत्तीस वर्षं वर्गात 'शांत बसा' म्हणून ओरडले. एवढा शांत वर्ग आज पाहिला."

शेडमध्ये सगळे काकांभोवती जमले. काका टॉवेलने डोकं पुसत होते. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "होडी यांनी सांभाळली. गाठ डॉक्टरांची. मी सुम्ने, उगाच दोर सोडत होतो."

आजवर मला बढत्या मिळाल्या, कंपनीची प्रशस्तिपत्रंही मिळाली. त्या वाक्याच्या आसपास त्यातलं काही येत नाही.

चहा घेताना मी त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला एकदाही ओरडावंसं वाटलं नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "एकदा ओरडलो होतो, अक्का. पंचवीस वर्षांचा होतो. टगबोटीवर माझा दोस्त दोरावर होता. मी 'थांब' म्हणून ओरडलो. वाऱ्यात आवाज पोचला, शब्द नाही पोचला. त्याला वाटलं, घाई कर म्हणतोय. त्यानं हात पुढं घातला आणि दोर आवळला. दोन बोटं गेली त्याची." त्यांनी कप परत उचलला. "तो आजपण फोन करतो. कधी एका शब्दानं बोलला नाही. मीच मला बोलत असतो."

त्यानंतर काका तीन वर्षं येत राहिले. मग गुडघे थकले, मग छातीचं दुखणं निघालं. गेल्या थंडीत ते गेले. आम्हाला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मैसूरच्या देवराज मोहल्ल्यामागच्या एका गल्लीत त्यांचं घर. मी आणि डॉक्टर भेटायला गेलो. काकूंनी कॉफी केली. समोर बसून त्यांनी विचारलं, "तिथं तुमचं डोकं खायचे काय हो फार?"

"म्हणजे?"

"अय्यो, घरात तोंडाला कुलूप म्हणून नाही. सकाळी पेपर वाचायचे ते मोठ्यानं. आंघोळ करताना बोलायचे. जेवताना मी म्हणायची, घास तरी गिळा. आता घर इतकं गप्प झालंय, मला झोपच येत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काकू, एकदा क्लबात या. होडीत बसा."

चाळीस वर्षांच्या संसारात त्या कधी होडीत बसल्या नव्हत्या. पुढच्या रविवारी आल्या. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, वर जाकीट. बंद मी बांधले. वारा मंद होता. आम्ही त्यांना दूरवर नेलं, एका खाडीसारख्या वळणावर नांगर टाकला, त्यांनी आणलेले वडे खाल्ले, नांगर उचलला आणि परत आलो. डॉक्टरांनी धक्क्यावर उतरून दोर घेतला. होडी टायरांना लागली तेव्हा हललीसुद्धा नाही. दोर बांधून डॉक्टर म्हणाले, 'आयतु.'

काकू जागच्या उठल्या नाहीत. कडेला हात ठेवून बसून राहिल्या.

"मघापासून त्या एका 'आयतु'शिवाय तुमी कुणी काही बोललाच नाही की," त्या म्हणाल्या.

"नाही. काकांनी असंच शिकवलं आम्हाला."

"आमच्या ह्यांनी? गप्प राहायला?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग पाण्याकडे. त्यांना हसू आलं आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर हात पुढे करून उतरवायला उभे होते, तरी त्या उठेनात.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "अजून एकदा फिरवून आणा मला."