एक बोटाची फट

लोटन नानांच्या अपंग वाहनचालकांच्या संघटनेचं सभासद व्हायला एक अट होती. आपल्या गाडीला तोलासाठी जोडलेली बाजूची दोन्ही चाकं स्वतःच्या हातानं सोडायची आणि पुन्हा बसवायची. पाय अधू असेल तर गोणपाटावर बसा, हात एकच असेल तर पाना गुडघ्यात धरा, पण दुसऱ्यानं नटाला हात लावायचा नाही. या अटीपायी किती जण रागावून गेले. नानांनी कोणाला परत बोलावलं नाही.

नाना वरणगावच्या कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. ट्रकच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हा त्यांनी आपल्या मोटारसायकलचा गिअर हातावर घेतला. ते पाहून एकेक जण येत गेला. आता जळगाव आणि धुळे मिळून एकशे चाळीस सभासद होते, आणि दर रविवारी नानांच्या अंगणातल्या सिमेंटच्या फरशीवर गाड्या जोडायचं काम चाले. बाजूची चाकं नाना दोरा धरून, लेव्हल लावून बसवत. मागचं आणि बाजूची दोन, तिन्ही चाकं एकदम टेकली पाहिजेत, केसाचाही फरक नको.

दोघा सभासदांनी मागे तक्रार केली होती, की शेतवाटेला मागचं चाक जागीच फिरतं. नाना म्हणाले होते, गाडीत खोट नाही, हात शिका.

एका गुरुवारी जळगावला नव्या सभासद कोकिळाची गाडीच्या परवान्याची परीक्षा होती. ती फैजपूरची, लहानपणी पोलिओ झालेली. अकरा किलोमीटरवरच्या एका शाळेत ती लिपिक होती आणि तिचा भाऊ हितेंद्र तिला रोज सोडत असे. सोमवारी तो कामासाठी सुरतेला निघणार होता. शाळेच्या वेळेला एसटी नव्हती. परवाना आज मिळाला नाही तर पुढची तारीख महिन्यानं, आणि शाळा महिनाभर थांबणार नव्हती.

कोकिळानं वळण नीट घेतलं. चढावाच्या पायथ्याशी थांबायचं होतं, तिथेही थांबली. निघताना मात्र इंजिन ओरडायला लागलं आणि स्कूटर जागची हलेना. तिनं मुठीचा पीळ कमी केला, पुन्हा दिला. गाडी तिथेच. निरीक्षकानं कागदावर खूण केली आणि महिन्यानं यायला सांगितलं.

तिच्यासोबत आलेले नाना कुबडी टेकत जवळ गेले आणि खाली वाकले. पायथ्याशी उथळ खळगा होता. बाजूची चाकं त्याच्या दोन्ही काठांवर टेकली होती, आणि मधलं, गाडी ओढणारं चाक अधांतरी होतं.

संघटनेचा चिटणीस तोताराम धुळ्याचा. एका हातानं गाडी चालवी आणि तोंड दोघांचं चालवी. तोही वाकला.

"नाना, तुमनी फरशी आठे नही शे," तो म्हणाला.

खरंच, अंगणातली फरशी इथे नव्हती. शेतवाटेचे ते दोघे त्यांना आठवले. हात त्यांचे बरोबरच होते. रस्ता फरशीसारखा सपाट असतो, असं धरून आपण इतकी वर्षं चाकं बसवली.

ते निरीक्षकाकडे गेले. चूक बाईंची नाही, गाडी मी जोडली, जोडणी चुकली, असं त्यांनी सरळ सांगितलं. निरीक्षकानं खळग्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. रांगेत अजून सोळा जण होते.

"रांग संपेपर्यंत करा. त्यानंतर मी थांबणार नाही."

नानांनी पिशवीतून पाना काढला आणि खाली बसायला लागले. घाई होती, त्यांचा हात तयार होता. अट त्यांची त्यांनाच आठवली नाही.

"पाना इकडे द्या, नाना," कोकिळा म्हणाली. ती आधीच गोणपाटावर बसली होती.

नानांनी पाना दिला. डावा नट घट्ट होता. तिनं पान्यावर दोन्ही हातांनी भार टाकला, तरी हलेना. तोताराम पुढे सरकला, नानांनी त्याला बाहीला धरून मागे ओढलं. तिसऱ्या जोराला नट सुटला. चाक धरणाऱ्या पट्टीला लांबट भोक होतं, चाक त्यात वर सरकवायचं होतं.

"किती वर, नाना?"

"एक बोट. जमीन आणि चाकाच्या मधे तुझं बोट गेलं पाहिजे."

तिनं बोट घालून पाहिलं, नट आवळला. मग उजवा. रांगेत तिघे उरले होते. गाडी आता कणभर कलत होती, म्हणून मैदानाच्या कडेला तिनं दोन फेऱ्या मारल्या. तोवर तिचा नंबर आला.

वळण. थांबली. निघाली. मधलं चाक खळग्यात उतरलं, मातीला धरलं आणि स्कूटर चढावावर गेली. निरीक्षकानं सही केली.

नानांना तेव्हा कळलं, की आपण मघापासून कुबडी किती घट्ट धरून उभे आहोत. ते झाडाखालच्या बाकावर टेकले आणि चहा मागवला. हितेंद्र बहिणीच्या हातावरचं ग्रीस पुसत होता, ती त्याला पुसू देत नव्हती.

रविवारी नानांनी शेतवाटेच्या त्या दोघांना बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाले, तुमचे हात बरोबर होते, जोडणी माझी चुकली. मग गोणपाटं अंथरली. सगळ्यांनी आपापले नट सोडले, नानांनीही.

सोमवारी साडेदहाला कोकिळाचा फोन आला. शाळेत पोचले, म्हणाली. वाटेत कुठे अडली का, नानांनी विचारलं.

"दोनदा खड्डा लागला. थांबले नाही."